गावात बायकांच्या आरोग्यावर कार्यक्रम ठेवायचेत आणि पुराच्या मदतीचंही बघायचंय, कुठून सुरू करू?

प्रश्न थोडक्यात असा होता: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नदीकाठच्या गावात आमचा सेल्फ हेल्प ग्रुप आहे, वर्षभर बायकांच्या आरोग्यावर कार्यक्रम घ्यायचेत, २०२१ सारखा पूर परत आला तर मदतीची पण तयारी हवी. पण डॉक्टर बोलावला की बायका गप्प बसतात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. बाहेरचे वक्ते बोलवायचे का? दोन्ही विषय एकत्र घ्यायचे की वेगळे?

ताई, मी पब्लिक हेल्थ नर्स म्हणून गोव्यात ग्रामीण भागातच नोकरी केली, आता रिटायर्ड आहे, पण अजून बोलावलं की जाते. पुराच्या वेळी इथे पण काम केलं आणि कोल्हापूर-सांगलीला २०१९ च्या ऑगस्टात पण टीमबरोबर होते. तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, एकत्रच घ्या. कारण पुरात बाईला नेमकं काय लागतं ते पुराच्या दिवशी विचारून कळत नाही. कोणाला सातवा महिना आहे, कोण इन्सुलिन घेते, कोणाच्या अंगावरून पंधरा-पंधरा दिवस जातं, कोणाचा नवरा दारू पिऊन मारतो, हे ती शेल्टरमध्ये चाळीस लोकांसमोर सांगणार नाही. जानेवारीत अंगणवाडीत पंधरा बायकांमध्ये बसून सांगितलं असेल तरच जुलैत तुमच्या लक्षात असणार. म्हणजे कार्यक्रम हीच तयारी, त्याच्यासाठी वेगळं काही करायचं नाही.

आता बायका गप्प का बसतात. नव्वद टक्के वेळा जागा आणि वेळ चुकलेली असते, डॉक्टर बिचारा उगाच बदनाम होतो. पंचायतीच्या हॉलमध्ये ठेवलं तर दारात दोन पंच आणि चार बाप्ये उभे असतात, कोण काय बोलणार? देवळाच्या सभामंडपात ठेवलं तर ज्या बायकांना पाळी आलीय त्या येतच नाहीत, आणि आपला विषय काय तर पाळी! हे मी कितीदा बघितलंय सांगू, पत्रिका छान छापलेली, समई लावलेली, आणि जिला यायला हवं होतं तीच घरी. म्हणून अंगणवाडी, शाळा, नाहीतर एखादीची मोठी पडवी. ख्रिश्चन वाड्यावर रविवारी मिसा सुटल्यावर चर्चचा हॉल चालतो, तिथे ही अडचण नाही.

वेळ म्हणजे दुपारी तीन ते साडेचार, जेवण आवरून झालेलं आणि मुलं शाळेतून यायची असतात किंवा नुकती आलेली असतात. महिने बघून घ्या. काजूच्या सीझनात फेब्रुवारी ते मे सकाळी कोणी सापडणार नाही, सगळ्या बोंडू गोळा करायला. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पंधरा दिवस तर नावच काढू नका. सगळ्यात चांगला काळ म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यापासून पौषापर्यंत, कारण पौषात धालो, म्हणजे बायकांचे गाण्या-नाचाचे खेळ, असतात आणि बायका तशाही रात्री मांडावर, म्हणजे धालोच्या जागेवर, एकत्र जमतात. मांडावर भाषण ठोकायचं नाही हां, तो त्यांचा खेळ आहे, त्यात घुसायचं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रम आहे एवढं सांगायला त्याच्यासारखी जागा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर शंभर मेसेज टाकून होत नाही ते तिथे एका वाक्यात होतं.

किती बायका? बारा ते वीस. शंभर जमवल्या तर फोटो चांगला येतो आणि काम होत नाही. सासवा आणि सुना एकत्र बसवू नका, निदान पहिले दोन कार्यक्रम तरी. सासू समोर असताना सून पांढरं जातं म्हणून सांगेल का, किंवा दुसरं मूल आताच नकोय म्हणून? आणि सासवांचे पण प्रश्न असतात, खोकलं की लघवी होते, अंग बाहेर येतं, हे त्या सुनेसमोर कधीच काढणार नाहीत. वेगळ्या बसवल्या की इतक्या बोलतात की थांबवावं लागतं.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या असं सगळे सांगतात, ते कॉलेजात ठीक आहे. गावात माझी पद्धत अशी की आधीच्या आठवड्यात ग्रुपमधली एक जण, जिच्या पोटात गोष्ट राहते अशी, पाचसहा घरांत फिरून येते आणि प्रश्न गोळा करते, मग मी सुरुवातच करते की "एका वाड्यावर एका बाईने असं विचारलं". वाडा कोणता ते कधीच सांगत नाही. पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, माझ्या बहिणीला पण तसंच होतं. बहिणीला! बरं, बहीण तर बहीण, आपण बहिणीवर उपाय सांगायचा.

पहिला कार्यक्रम रक्ताचा ठेवा, म्हणजे हिमोग्लोबिनचा (एचबी). भाषण नको, आधी टेस्ट. आरोग्य केंद्रात लेखी अर्ज देऊन एएनएमला (गावात फिरणाऱ्या नर्सला) बोलवा, ती बोटाला टोचून जागच्या जागी आकडा सांगते आणि प्रत्येक बाईच्या हातात स्वतःचा आकडा आला की मग ऐकायला कान उघडतात. गर्भार नसलेल्या बाईला १२ च्या वर पाहिजे, गर्भारणीला ११ च्या वर. आपल्याला वाटतं गोवा सुधारलेला, मासे खातो, आपल्याकडे कुठे अ‍ॅनिमिया (रक्त कमी असणं), पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. देशाचा आकडा ५७ आहे म्हणून आपला बरा दिसतो एवढंच. आधीच्या पाहणीपेक्षा आपला वाढलाय, कमी नाही झाला.

इथे खाण्याचं सांगताना बीट आणि डाळिंब सांगू नका प्लीज, रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. आपल्या गावात जे मिळतं ते सांगा. तिसऱ्या (शिंपले), बांगडा, नाचण्याचं तिझन (पेज), अळसांदे (चवळी), तांबडी भाजी (लाल माठ), वर लिंबू पिळून. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर तरी थांबायचं, चहाने लोह अंगी लागत नाही. ही चहाची गोष्ट बायकांना सगळ्यात कठीण जाते, मला पण जाते. पण हे पण स्पष्ट सांगायचं की ८-९ वर आलेलं एचबी नुसत्या खाण्याने वर येत नाही, गोळ्या लागतातच. सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असिड असतं, शाळेतल्या मुलींची निळी गोळी आठवड्यातून एकदा असते. गोळ्या बायका का सोडतात माहिती आहे? शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात, आणि मळमळतं. काळं होणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही, हे आधीच सांगितलं तर निम्म्या सोडत नाहीत. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्यायची, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, दुधाबरोबर नाही. आणि तीन महिन्यांनी त्याच बायकांची परत टेस्ट. ही परतची टेस्ट ठरवलेली नसेल तर पहिली करूच नका असं माझं मत आहे, कारण आकडा सांगून सोडून दिलेली बाई पुढच्या कार्यक्रमाला येत नाही, बरोबरच करते.

ज्यांचं एचबी गोळ्या घेऊन पण वर येत नाही त्यांना विचारायचं की पाळीत किती जातं. सात दिवसांपेक्षा जास्त, तासातासाला पॅड बदलावं लागतं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात, तर ते "माझ्या आईला पण असंच होतं" म्हणून सोडायचं नाही, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ), थायरॉइड काही पण असू शकतं. आणि लगेच गर्भाची पिशवी काढा म्हणून कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. पिशवी काढणं हा शेवटचा उपाय असतो, त्याच्या आधी गोळ्या आहेत, हॉर्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची कॉइल आहे. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष झाल्यावर परत एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं, ह्यात चर्चा नाही.

पांढरं जाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण कुठल्याही वाड्यावर पहिला प्रश्न हाच असतो, बरोबर कंबरदुखी आणि अशक्तपणा. वीसेक वर्षांपूर्वी उत्तर गोव्यात संगाथ संस्थेच्या लोकांनी जवळजवळ अडीच हजार बायकांचा अभ्यास केला होता. त्यात असं दिसलं की पांढरं जातं म्हणणाऱ्या बऱ्याच बायकांना तपासल्यावर इन्फेक्शन सापडत नव्हतं, त्या तक्रारीचा संबंध मनावरचा ताण, उदासी, थकवा ह्यांच्याशी जास्त होता. म्हणजे ती खोटं बोलते असं नाही. तिला त्रास खरा होतो, फक्त घरात काय चाललंय ते सांगायला तिच्याकडे दुसरा दरवाजा नसतो, शरीराची तक्रार केली तर निदान कोणी दवाखान्यात तरी नेतं. म्हणून मी कार्यक्रमात दोन्ही सांगते. खाज, वास, दह्यासारखं, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, ह्यातलं काही असेल तर तपासणी, मेडिकलमधून परस्पर गोळ्या नकोत. आणि काही नसेल, तपासून झालं असेल, तरी अशक्त वाटत असेल तर झोप कशी आहे, रडू येतं का, कोणाशी बोलता का, हे शांतपणे विचारायचं. बाळंतिणींना तर विचाराच. गोव्यातल्याच आयांवर केलेल्या आणि २००२ मध्ये छापलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्क्यांना डिप्रेशन होतं. चारातली एक. टेलि-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, भिंतीवर लावून ठेवा.

कॅन्सरचं मी एका कार्यक्रमात उरकते आणि जास्त घाबरवत नाही. स्तनात गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच बायका दुर्लक्ष करतात, दुखत नाही म्हणजे काही नाही असं नसतं. कातडीला खळी पडणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं येणं, ह्याच्यावर लगेच दाखवायचं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची टेस्ट सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी धरलेली आहे, व्हिनेगरसारखं पातळ असिड लावून मिनिटभर थांबतात आणि बघतात पांढरा डाग येतो का, दुखत नाही, दोन-पाच मिनिटांचं काम. पाळी गेलेल्या बायकांत ह्या टेस्टवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा पॅप किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) टेस्टचं विचारायचं. मुलींना एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात दिली तर सगळ्यात उपयोगी. ह्या दिवशी मात्र पत्रक वाटून घरी पाठवू नका, कोण कोण टेस्टला जाणार त्यांची नावं घेऊन, तारीख ठरवून, एक गाडी करून सगळ्यांना एकत्र न्या. एकटी जाणार नाही, सहा जणी हसतखेळत जातील, येताना बाजार पण करून येतील.

आणि डायबेटिस. हा विषय बायकांच्या आरोग्यात कोणी धरतच नाही. २०२३ मध्ये आलेल्या देशपातळीवरच्या मोठ्या पाहणीत सगळ्यात जास्त डायबेटिस गोव्यात निघाला, २६.४ टक्के. म्हणजे तुमच्या वीस बायकांच्या कार्यक्रमात चार-पाच जणी असणारच आणि त्यातल्या एक-दोघींना माहितीच नसणार. बीपी-शुगर त्याच एचबीच्या दिवशी करून घ्या. हे पुराच्या तयारीत पण लागतं, ते आता सांगते.

२३ जुलै २०२१ ला म्हादई आणि खांडेपार नद्यांचं पाणी आलं तेव्हा सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा सगळीकडे शेकडो घरांचं नुकसान झालं, मातीची घरं तर बसलीच. लोकांनी मदत भरपूर केली, आपल्याकडे माणुसकी कमी नाही. पण ट्रकमधून काय उतरतं ते बघा कधी, जुने कपडे, बिस्किटं, तांदूळ, पाण्याच्या बाटल्या. बाईची आतली कपडे कोणी आणत नाही, बीपीची गोळी वाहून गेली ती कोणी विचारत नाही.

तर मृग लागायच्या आधी, मे संपताना, तुमच्या ग्रुपने एक यादी करायची. गर्भार बायका आणि त्यांच्या तारखा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या आया, इन्सुलिनवाल्या, डायलिसिसवाले, अंथरुणावरचे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. ही यादी दोन वहीत, एक ग्रुपच्या दोन बायकांकडे आणि एक आरोग्य केंद्रात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही, कोण कुठलं औषध घेते हे अख्ख्या गावाला कळायची गरज नाही, आणि एकदा तसं झालं की बायका परत काही सांगणार नाहीत, वर्षाची मेहनत गेली.

जिची तारीख जुलै-ऑगस्टात आहे आणि जिच्या घराकडे जायला एकच साकव किंवा खालचा रस्ता आहे, तिने तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी वाळपईच्या (तालुक्याच्या गावाच्या) बाजूला किंवा जिथून हॉस्पिटल जवळ आहे तिथे नातेवाइकांकडे जाऊन राहायचं. १०८ चांगली सेवा आहे पण साकव पाण्याखाली असला तर अ‍ॅम्ब्युलन्स उडून येणार नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गर्भारणींची डॉक्टरकडून फुकट तपासणी असते, जूनची ९ तारीख चुकवू नका, त्या दिवशी डॉक्टरला विचारूनच ठरवायचं. मदर कार्ड, आधार, आधीचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, ती पिशवी वर कुठेतरी अडकवलेली. आणि धोक्याच्या खुणा सगळ्यांना पाठ पाहिजेत, सासूला पण नवऱ्याला पण: रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं दुखून डोळ्यासमोर अंधारी, तोंडाला हाताला सूज, झटके, बाळाची हालचाल कमी होणं, ताप. ह्यात वाट बघायची नाही.

इन्सुलिनचं बायका घाबरून विचारतात की लाइट गेली, फ्रिज बंद, आता टाकून द्यायचं का. नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन घरातल्या थंड जागेत साधारण चार आठवडे चालते, मडक्यात ठेवली तर बरं, ओली होणार नाही अशी. फक्त उन्हात आणि चुलीजवळ नको, आणि गुठळ्या किंवा रंग बदललेला दिसला तर नको. तुमच्या ब्रँडचे नेमके दिवस आतल्या कागदावर लिहिलेले असतात. बीपी-शुगरच्या गोळ्या पावसाळ्यात निदान पंधरा दिवसांच्या जास्त घरात असाव्यात, आणि स्ट्रिपचा फोटो मोबाइलमध्ये, म्हणजे गोळी गेली तरी नाव सांगता येतं.

आता किट. पॅड सगळे देतात, चांगलं आहे, पण जिच्याकडे निकर नाही ती पॅड कुठे लावणार? म्हणून प्रत्येक किटमध्ये दोन-तीन निकर वेगवेगळ्या साइझच्या, टॉवेल, अंगाचा साबण आणि कपड्याचा साबण, झाकणाची छोटी बालदी, गडद रंगाचं सुती कापड, दोरी आणि चिमटे, टॉर्च. बऱ्याच मोठ्या वयाच्या बायका अजून कापडच वापरतात, त्यांना पॅड दिलं तर त्या सुनेला देतात. कापडाची अडचण आपल्याकडे जुलैत ही की ऊन नाही, कापड ओलसरच परत वापरलं की खाज आणि बुरशी. तेव्हा त्या दिवसांत पॅडच बरं, आणि कापडच हवं असेल तर पंख्याखाली किंवा इस्त्री मारून पूर्ण सुकवायचं. मेन्स्ट्रुअल कप हौसेने कोणी वाटायला आणतात, उकळायला स्वच्छ पाणी नाही तिथे कप देऊन काय करणार, आधी कधी वापरला नसेल तर पुरात शिकायची वस्तू नाही ती. वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा वेगळा डबा आणि तो कोण उचलणार ते आधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर सगळं संडासात जातं आणि दुसऱ्या दिवशी संडास तुंबतो.

वाटायला बायकाच पाहिजेत, आणि बंद पिशवीत. ट्रकवर उभा राहून मुलगा पॅडचं पाकीट फेकतोय आणि खाली फोटो काढतायत, हे मी बघितलंय, त्या बायकांच्या माना खाली होत्या. फोटो नकोच. ज्याने पैसे दिले त्याला बिल दाखवा, बाईचं तोंड दाखवायची गरज नाही.

एक गोष्ट जरा कडक सांगते. बाळांसाठी दुधाची पावडर आणि दुधाच्या बाटल्या घेऊन येणाऱ्यांना हात जोडून परत पाठवा. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या पावडरचं आणि बाटलीचं असं फुकट वाटप करता येत नाही, अनाथाश्रमासारखी सूट सोडली तर. कायदा राहू दे बाजूला, गढूळ पाण्यात कालवलेली पावडर आणि न उकळलेली बाटली म्हणजे बाळाला जुलाब. भीतीने आईचं दूध एक-दोन दिवस कमी आल्यासारखं वाटतं, तिला एक कोपरा, आडोसा, पोटभर जेवण आणि शेजारी अनुभवी बाई द्या, बाळ सारखं पाजत राहिलं की परत येतं. जी आई खरोखर पाजूच शकत नाही तिच्या बाळाचं डॉक्टर बघतील, वाटी-चमच्याने.

शेल्टर बहुतेक शाळाच असते. आंतरराष्ट्रीय मदतकामात स्फिअर म्हणून जे किमान निकष वापरतात त्यात माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, वीस जणांमागे एक संडास, आणि बायकांचे संडास पुरुषांच्या तिप्पट, असं धरलेलं आहे. आपल्या शाळेत तेवढं होणार नाही हे मला पण कळतं, पण आतून कडी आणि रात्री लाइट, एवढं तर होतं की नाही? मे महिन्यात जाऊन शाळेच्या संडासाच्या कड्या बघून या, तुटलेल्या असतील तर बसवून घ्या, खर्च किती येतो असा. रात्री कडी नसलेल्या संडासात जायला नको म्हणून बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग दोन दिवसांनी लघवीची जळजळ घेऊन माझ्याकडे. बायका आणि मुलांसाठी एक वर्ग वेगळा, आणि त्या वर्गाच्या दारात ग्रुपमधली एक जण आळीपाळीने.

मारहाण आणि त्याहून वाईट पण होतं, पुरात जास्त होतं, आपल्या गावात होत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्यायचं आणि आपली तयारी करायची. १८१ बायकांची हेल्पलाइन, ११२ पोलीस. बलात्कार झाला असेल तर शक्य तेवढ्या लवकर हॉस्पिटल, ७२ तासांच्या आत एचआयव्ही टाळायची औषधं सुरू करता येतात, गर्भ राहू नये म्हणून गोळी पाच दिवसांपर्यंत पण जितकी लवकर तितकी चांगली. सरकारी असो की खासगी, प्रत्येक हॉस्पिटलला कायद्याने फुकट उपचार द्यावेच लागतात. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं हे पण तिला आधी सांगा, लपवू नका.

पाणी उतरल्यावर चिखल साफ करायला बायकाच असतात, अनवाणी. लेप्टो (उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) तिथेच होतो. पायाला जखम असेल तर बूट नाहीतर निदान प्लॅस्टिक बांधून जा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, तर घरगुती काढा पीत बसायचं नाही, त्याच दिवशी केंद्रात. डॉक्टर लोक साफसफाईवाल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सी (डॉक्सीसायक्लीनची गोळी) देतात, ती गर्भारणीला चालत नाही, तेव्हा पोटात असेल किंवा पाळी चुकली असेल तर गोळी घ्यायच्या आधी सांगायचं. विहिरीत ब्लीचिंग किती टाकायचं ते केंद्राच्या माणसाकडून करून घ्या, अंदाजाने ओंजळी टाकू नका, तोपर्यंत उकळून.

बाहेरचे वक्ते बोलवायचे का विचारलंत. बोलवा, मदतकामाला दुसऱ्या राज्यांत, परदेशात जाऊन आलेले डॉक्टर-नर्स गोव्यात आहेत, त्यांना बोलायला आवडतं. पण त्यांना आधी सांगा की स्लाइड नको, अर्धा तास, आणि तिथे बायकांनी स्वतः काय केलं ते सांगा. वर्षातून एकदाच. आणि त्याच दिवशी देणगीचा डबा फिरवू नका. एचबी तपासायला आलेल्या बाईसमोर डबा आला की तिला वाटतं टेस्टचे पैसे मागतायत. फंड वेगळ्या दिवशी, पावती पुस्तकासकट, ग्रुपच्या खात्यात, आणि दर महिन्याला थोडे थोडे करून आधीच किट घेऊन ठेवा, पुराच्या दिवशी वाळपईच्या दुकानात निकर मिळणार नाहीत.

पुरुषांचं राहिलं. त्यांचा एक वेगळा कार्यक्रम घ्या, भजनाच्या आधी किंवा फुटबॉलच्या ग्राउंडवर, दोन विषय पुरे: गर्भारणीच्या धोक्याच्या खुणा आणि रक्तगट कोणाचा कुठला. पॅडचं सुरुवातीला काढू नका, हसतील आणि विषय वाया जाईल. तरुण पोरं पुरात होडी, दोरी, गाडी सगळं करतात, त्यांच्यातल्या दोघांकडे तुमच्या यादीतली फक्त घरं असू देत, आजार नाही. "ह्या चार घरांत आधी जा" एवढं त्यांना पुरतं.

नोव्हेंबरात एचबीने सुरुवात करा, फेब्रुवारीत परत टेस्ट, मध्ये पांढरं जाण्यावर आणि कॅन्सरवर एकेक, मार्च-एप्रिल काजूसाठी सोडून द्या, मे मध्ये यादी, किट आणि शाळेच्या कड्या. आरोग्य केंद्राला द्यायच्या अर्जात तारीख दोन पर्याय देऊन लिहा आणि एएनएमला स्वतः जाऊन भेटा, तिच्याकडे चार गावं असतात, नुसता कागद टेबलावर पडून राहतो. टेस्टच्या स्ट्रिप्स आहेत का ते पण तेव्हाच विचारून घ्या.